अळणी ताट

१

वरणात मीठ नव्हतं.

सत्यवतीनं पहिला घास गिळला, दुसरा तोंडात घोळवला आणि ताट पुढं सरकवलं. भाकरी, वांग्याची भाजी, वरण, ताक. डोळ्यांना सगळं रोजच्यासारखं आणि जिभेला मातीसारखं. शेजारच्या पाटावर तिचे वडील, जानरावराजे, जेवत होते. त्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली, ताकाचा भुरका मारला, मिशा पुसल्या. त्यांच्या ताटात काही कमी असावं असं दिसत नव्हतं.

"आई, मीठ टाकाले विसरले का आज?"

माणिकबाई पंख्यानं वारा घालत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "तुह्यं वेगळं केलं आहे. वैद्यांनी सांगितलं. उन्हाळा लागला, अंगावर उठते तुह्या."

"मले काई उठत नाई."

"उठू नये म्हणूनच."

ती तशीच उठली आणि स्वयंपाकघरात गेली. फळीवर हळदीची, तिखटाची, धण्याची बरणी जागच्या जागी होती. मिठाच्या बरणीच्या जागी नुसतं गोल पांढरं वळं होतं. तिनं स्वयंपाकीणबाईंकडं पाहिलं. त्यांनी चुलीत फुंकर मारायला मान खाली घातली. चूल तर चांगली धडधडत होती.

गोडखेडच्या राजांची ही एकुलती लेक. राजे म्हणजे काय, तर भोसल्यांच्या वेळी कुणा पूर्वजाला सनद मिळालेली. पुढं निजाम आला, इंग्रज आला, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं. तोफ गेली, घोडे गेले, 'राजे' तेवढं राहिलं. गावात सत्यवतीला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे राजकन्या म्हणत. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत शिकून आल्यापासून तिला त्या शब्दाचं हसू यायचं. ती लहानपणापासून तापट. ताट भिरकावलं तरी या घरात तिच्या अंगावर कधी कुणी ओरडलं नव्हतं. बापाच्या पंगतीला बसून जेवणारी अख्ख्या पंचक्रोशीतली ती एकटी मुलगी होती.

हे सगळं प्रेम आहे, असं तिला वाटत आलं होतं.

२

पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखाली पाणी पुष्कळ, पण खारं. विहीर खणावी तर गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. गोडखेडला मात्र एक बारव होती, दगडी पायऱ्यांची, खोल, आणि तिचं पाणी गोड. त्या पाण्यावर माळ्यांचे मळे होते. वांगी, मेथी, झेंडू, संत्री. गोडखेडची भाजी पार अकोल्याच्या बाजारापर्यंत जायची.

यंदा त्या पाण्याची चव बदलली होती. पार्बताबाई माळीण रोज सकाळी भाजीची टोपली घेऊन मागच्या दारी यायची. तिच्या पालकाच्या पानांच्या कडा आता जळल्यासारख्या करपलेल्या असायच्या. टोपली उतरवताना ती सत्यवतीकडं बघायची. ती नेहमीच बघायची. पण आता बघायची आणि चटकन नजर वळवायची.

बारवेवर गेलं की बायका बोलायच्या थांबत. एकदा एका म्हातारीनं सत्यवतीचा दंड धरला, जरा दाबला आणि सोडला. बाजारात दुधीभोपळा दाबून बघावा तसा.

आणि आवाज. सत्यवतीची खोली घराच्या मागच्या अंगाला, बारवेच्या बाजूची. दुपारी सगळं घर आडवं झालं की फरशीखालून काहीतरी सरकल्यासारखं यायचं. ओल्या दगडावरून भरलेलं पोतं ओढत न्यावं तसं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, थोडं पुढं. ती स्वतःला समजावायची: काळी जमीन आहे, उन्हाळ्यात फाटते, एकेका भेगेत कोपरापर्यंत हात जातो, घराचा पाया हलत असेल. घुशी असतील. शिकलेल्या मुलीनं असल्या आवाजांना कान देऊ नये. पण भेग पडते ती एका जागी पडते. ती चालत नाही.

एका दुपारी कासार आला आणि त्यानं तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या.

"हे काय? लग्न ठरवलं का माह्यं?"

"ठरलं," माणिकबाई म्हणाल्या.

"कोणाशी? मले विचारलं नाई, दाखवलं नाई!"

"धनी मोठा आहे, बाई. आपल्याहून मोठा."

"गंगूआत्यासारखं का? लग्न होऊन इंदूरकडे गेली आणि एका दिवाळीले माहेरी आली नाई?"

"लांब आहे इंदूर."

"रेल्वे आहे ना!"

"लांब आहे," माणिकबाई पुन्हा म्हणाल्या, त्याच आवाजात, आणि कासाराला सुपारी दिली.

आत्याच्या आधी तिची आत्या. तीही लांब दिलेली. या घराण्यात मुलगे पुष्कळ, पण प्रत्येक पिढीत मुलगी एकच, आणि ती लांबच दिलेली. सत्यवतीला पहिल्यांदा हे एका ओळीत मांडलेलं दिसलं.

३

दुसऱ्या दिवशी तिनं गाडीवान सहदेवला बैल जुंपायला सांगितले. "मूर्तिजापूरच्या टेसनावर सोड. अमरावतीले जायचं आहे, माह्या बाईंकडे." बाई म्हणजे तिच्या शाळेच्या कौशल्याबाई. कुणाच्या बापाला न भिणारी बाई होती ती.

सहदेव काही विचारेना. त्यानं छकड्यात गवत पसरलं, वर घोंगडी टाकली, पाण्याचा गडू ठेवला. वेशीपाशी माणसं बसली होती. त्यांनी उठून रामराम केला. कुणी अडवलं नाही, आणि सत्यवतीला आपल्या संशयाची थोडी लाजच वाटली. उन्हाची झळ, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकसारखा नाद. तिचा डोळा लागला.

जाग आली ती घुंगरं थांबल्यामुळे. ती खाली उतरली. समोर घराचा दरवाजा होता. जानरावराजे ओसरीवर उभे होते, माणिकबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, आणि वेशीवरची तीच माणसं दोन्ही बाजूंना हात जोडून उभी होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्याचं स्वागत करताना असतं तसं हसू.

"सहदेव! हे कुठी आणलं मले?"

"घरी आणलं, बाईसाहेब." बैल सोडायला तो जुवाची शिवळ काढत होता. तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही. "माह्याबी पोरी हायेत. दोन."

ती ओरडली. तोंडाला येईल ते बोलली, चाबूक उचलून त्याच्या पाठीवर दोन फटके मारले. त्यानं मारू दिले. कुणी मध्ये पडलं नाही, कुणी रागावलं नाही. माणिकबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "उन्हातून आलीस. आत चाल."

त्या सौजन्याची तिला जेवढी भीती वाटली तेवढी हातपाय बांधले असते तरी वाटली नसती.

४

पार्बताबाई तिला मळ्यात सापडली, करपलेल्या वांग्याच्या रोपांत बसलेली. सत्यवती सरळ तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तू रोज मले पाहतेस. काहून?"

म्हातारीनं खुरपं खाली ठेवलं.  मग जे बोलली ते भाजीचा भाव सांगावा तसं सपाट बोलली.

"मीच जन्म देला तुले. आमच्या जुन्या खोपडीत. पाचवीच्या दिवशी नेलं राजाच्या मानसानं. त्याहीच्या घरातली पोरगी देत नाईत ते. गावातली नेतात, राजकन्या करतात, खाऊ-पिऊ घालतात. पानी खारं झालं का मंग..."

"मंग काय?"

"बारवेत धनी आहे. त्याले देतात. मंग पानी गोड होते."

सत्यवतीला एकेक आठवत गेलं. वडील, पंगत, शाळा, अंगावर कधी न उठलेला हात. बोकडाला कुणी मारत नाही. त्याचं अंग धुतात, त्याला हिरवा पाला घालतात.

"आणि अळणी?"

"खारट चालत नाई त्याले."

"तुमाले काय भेटलं?"

"हा मळा." पार्बताबाईनं हात पसरून दाखवला. "तुह्या बापाले भेटला. त्याआधी आमी दुसऱ्याच्या रानात निंदत होतो."

"तो गेला, मरून गेला. पण तू? तू रोज येत होतीस माह्या दारी! एक दिवस म्हणता आलं नाई तुले, पोरी, पळून जा?"

"गाव कसं जगन वं, माय?"

सत्यवतीनं तिची टोपली लाथेनं उडवली. वांगी सरीतून गडगडत गेली. म्हातारी उठली. ती रडत होती, आणि रडत रडतच तिनं सत्यवतीचं मनगट धरलं. मऊ, घट्ट.

"चाल. उन्हात फिरू नोको. कातडी जळते," ती म्हणाली, आणि पोटच्या पोरीला हाताला धरून राजांच्या घराकडं परत घेऊन निघाली.

वाटेत पडीक रान लागलं. बारवेचं पाणी तिथवर पोचत नसे. जमिनीवर पांढरा खार फुटला होता, पिठासारखा. सत्यवती तिथं ठेचकाळली, पडली, आणि उठताना तिच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या.

५

त्या संध्याकाळी ती राजांच्या बैठकीत गेली. ते पान लावत होते.

"मी तुमची कोण?"

जानरावांनी पानाला चुना लावून पूर्ण केला. "लेक म्हणून वाढवलं. कमी काय केलं, सांग."

"मी फौजदाराले सांगीन."

"सांगजो. महिन्याले येतात, इथंच उतरतात. आपल्या पाण्याचा चहा आवडते त्याहीले." त्यांचा आवाज चढला नाही. "पोरी, मले का हौस आहे? गावात हजार तोंडं आहेत. मी राजा आहे त्याहीचा."

"राजा आहात तर तुमी उतरा बारवेत."

पहिल्यांदाच त्यांचा हात थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, दुःखही आलं नाही. असा प्रश्न असू शकतो हेच कधी डोक्यात न आलेल्या माणसासारखे ते तिच्याकडं बघत राहिले.

त्यानंतर तिच्या खोलीला बाहेरून कडी लागली. सत्यवती रडली नाही. तिनं खार पाण्यात कालवून त्याचा कणकेसारखा गोळा केला आणि तो आपल्या दाट अंबाड्यात दडवला. बायका न्हाऊ घालायला आल्या तेव्हा ती अशी किंचाळली, अशी चावायला धावली, की केसांना हात लावायचं त्यांनी सोडून दिलं. गोड्या पाण्यानं अंग तेवढं धुतलं, शालू नेसवला, अंबाड्यावर झेंडूचा गजरा खोचला. गजरा पार्बताबाईच्या मळ्यातला होता.

६

भर दुपारी तिला नेलं. वाजंत्री नाही, मंत्र नाही. सगळं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं होतं आणि बायका तिच्या पायांवर पाणी घालत होत्या. रामरामासारखं, सवयीनं.

ती प्रत्येकीच्या तोंडाकडं पाहत चालली. ही मला कैऱ्या द्यायची. हिच्या लग्नात मी अक्षता टाकल्या. एकीनंही मान वर केली नाही. सत्यवतीच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. तिनं तो चाटला. खारट होता. एवढं मात्र यांना तिच्या अंगातून काढता आलं नव्हतं.

पायऱ्या संपत आल्या की एक दगडी चौकट होती आणि तिला लोखंडी पट्ट्यांचा दरवाजा. तिला आत ढकललं. ढकलणारा हात कुणाचा ते तिनं वळून पाहिलं. सहदेव. दरवाजा लागला, अडसर सरकला, आणि पायऱ्यांवरून परत जाणाऱ्या पावलांचा आवाज वर वर जात नाहीसा झाला.

७

आत गारवा होता. चौकटीपासून चार-सहा पायऱ्या उतरून हिरवट काळं पाणी. वर, खूप वर, आभाळाचा चौकोन. एक पारवा घुमत होता. मग तोही थांबला.

सत्यवती पायरीवर बसली. तिनं विचार केला, आणि तिचा विचार अजून नीट चालत होता. बारव आहे. खाली पाणी आहे. पाण्यात फार तर मगर असेल, अजगर असेल. बाकी सगळं या भेकडांनी रचलेलं आहे. मुली बुडून मेल्या असतील, भुकेनं मेल्या असतील. मी पोहायला शिकलेली नाही, पण ओरडायला शिकले आहे. कुणीतरी परगावचा माणूस वरून जाईल.

तिनं भिंतीला पाठ टेकली.

पाणी वर आलं. आवाज नाही, लाट नाही. मघा कोरडी असलेली पायरी आता ओली होती. मग पाणी खाली गेलं. मग पुन्हा वर. तिला त्याची लय ओळखीची वाटली, आणि कशाची लय ते कळायला थोडा वेळ लागला. झोपलेल्या माणसाची छाती अशी वरखाली होते.

तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, की गारव्यात बसूनही तिच्या पाठीला ऊब लागते आहे.

ती हलली नाही. हलणं शक्यच नव्हतं. मागची भिंत हळूच सरकली, ओल्या दगडावरून भरलेलं पोतं ओढावं तसा तो आवाज, दुपारी फरशीखालून ऐकलेला, आता कानाशी. धुऊन न पिळलेल्या लुगड्यासारखं काहीतरी जड आणि ओलं तिच्या पावलावर आलं. घोट्यावर आलं. पोटरीवरून वर, सावकाश, चव घेत. गुडघ्याशी ते घुटमळलं.

त्या क्षणी भीतीच्या तळाशी तिला राग सापडला. या ओल्या जनावराचा नव्हे. हे भुकेलं होतं, हे खायला आलं होतं, यानं तिला कधी लेक म्हटलं नव्हतं. पंख्यानं वारा घालणाऱ्या हाताचा राग. चुना लावणाऱ्या बोटांचा. मनगट धरून परत नेणाऱ्या त्या मऊ मुठीचा. तिनं अंबाडा ओरबाडून सोडला, खाराचा गोळा हाती आला, आणि जे ओलं तिच्या गुडघ्याला लागलं होतं त्यात तिनं तो कोपरापर्यंत हात घालून खुपसला.

"घे!" ती ओरडली. "घे, खाय! माह्या बापाकडून खाय! माह्या मायकडून खाय!"

सगळी बारव हादरली. दगड कापले, पाणी चौकटीपर्यंत उसळून तिच्या तोंडावर आदळलं. ऊन नेमकं तेवढ्यापुरतं माथ्यावरून सरळ खाली उतरलं होतं, आणि त्या उन्हात, पाणी पुन्हा मिटण्याआधी, तिला त्याची एक बाजू जाताना दिसली. फक्त बाजू. ती बराच वेळ जात होती. त्या बाजूच्या कातडीत हिरव्या काचेच्या बांगड्या रुतल्या होत्या. मोठ्या, लहान, जुन्या घाटाच्या. झाडाच्या सालीत खिळा जुना होऊन बुजावा तशी कातडी त्यांच्यावर चढली होती. ऊन पडलं तशा त्या एकदम चमकल्या.

मग अंधार झाला. पुढची रात्र तिथं कशी गेली, ते सत्यवतीनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

८

रिवाज असा होता, की सकाळी दरवाजा उघडून पाण्याचा पहिला घोट राजांनी घ्यायचा.

अडसर निघाला. जानराव चांदीचा तांब्या घेऊन आत आले आणि थबकले. सत्यवती खालच्या पायरीवर बसली होती. केस मोकळे, शालू चिखलानं माखलेला, हातांतल्या बांगड्या बहुतेक फुटलेल्या. मागून उतरलेली माणसं एकमेकांवर आदळून थांबली.

 ते काय विचारतात, याची ती वाट पाहत होती. तिलाच नंतर आश्चर्य वाटलं, पण त्या घडीला तिच्या मनात एक कोपरा अजून वाट पाहत होता.

जानरावांचे ओठ हलले. "पाणी," ते म्हणाले. "पाणी गोड झालं का?"

सत्यवती उठली. त्यांच्या हातातला तांब्या तिनं घेतला, बुडवून भरला आणि त्यांच्या तोंडाला लावला. "चाखून पाहा."

त्यांनी एक घोट घेतला आणि ते भिंतीला धरून ओकले. मागच्या माणसानं ओंजळ भरून जिभेला लावली, थुंकली. "खारं आहे. आधीपरीस खारं." शब्द पायऱ्यांवरून वर गेला, तोंडातोंडातून. वरून कुणा बाईचा हुंदका आला.

"तो मेला का?" कुणीतरी विचारलं.

खाली, त्यांच्या पायांखाली कुठंतरी, ओल्या दगडावरून काहीतरी सरकलं.

"तुमीच पाहा उतरून," सत्यवती म्हणाली, आणि त्यांच्यामधून वर चढू लागली. ते भिंतीला चिकटून दोन्हीकडं झाले. तिचा पदर अंगाला लागू नये म्हणून त्यांनी पोटं आत ओढली. तिला दिसलं, की ते तिला भितात. बरं झालं.

९

घरात ती चिखलाच्या पावलांनी शिरली. कुणी आडवं आलं नाही. तिला आपल्या खोलीतून फक्त दोन लुगडी घ्यायची होती.

खोलीत पाळणा बांधलेला होता.

नवा दोर, नवं कापड. आत काही दिवसांची मुलगी होती, गालावर काजळाची तीट लावलेली. माणिकबाई पाळण्याशी बसून तसाच, तोच पंखा हलवत होत्या. सत्यवतीला बघून त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी पाळणा आपल्याकडं ओढला आणि हात जोडले.

"हिले अजून वेळ आहे, धनी," त्या म्हणाल्या. "लय वेळ आहे हिले. वाढू द्या."

सत्यवतीनं त्यांच्या हातातला पंखा घेतला, मोडला, आणि मूल उचललं. काही बोलावं असं माणूस तिला तिथं दिसेना.

दारात छकडा जुंपलेलाच उभा होता. सहदेव तिला पाहून जुवाच्या मागं दडला. तिनं त्याच्या हातून कासरा घेतला. "या वेळेस मी हाकते."

१०

वेशीपर्यंत गाव जमलं होतं. सत्यवतीनं छकडा थांबवला आणि मूल दोन्ही हातांवर उचलून धरलं.

"कोणाची आहे ही?"

पुरुष एकमेकांकडं बघू लागले.

"मले नेलं तेव्हाही कोणी बोललं नसन. विचारून राहिली मी. कोणाची आहे?"

उन्हानं की भुकेनं, पोरगी रडायला लागली. बारीक, मांजरीच्या पिलासारखी. आणि बायकांच्या घोळक्यात, मान खाली घालून उभ्या असलेल्या एका कोवळ्या बाईच्या चोळीवर दोन्हीकडं ओल पसरली. तिनं पदर ओढून झाकायला पाहिलं. ओल पदरातूनही उमटली.

"नाव काय तुह्यं?"

"सुभद्रा."

"चाल."

सुभद्राच्या नवऱ्यानं तिचा दंड धरला. "आपल्याले रान भेटनार आहे, सुभे." पोरगी पुन्हा रडली. सुभद्रानं आपल्या दंडावरच्या त्या हाताकडं पाहिलं, दात रोवून त्याला चावली आणि अनवाणी धावत येऊन छकड्यात चढली.

पार्बताबाई चाकाशी आली होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. "माय," ती म्हणाली, "वाटेत खाजो. मीठ टाकलं आहे."

सत्यवतीनं तिच्याकडं नीट पाहिलं. नाक आपलंच होतं. कपाळही.

"इतकी वर्षं रोज आलीस," ती म्हणाली. "आता येऊ नको."

भाकरीचं फडकं म्हातारीच्या हातातच राहिलं. बैल चालू लागले.

मूर्तिजापूरचा रस्ता जरा उंचावरून जातो. तिथं सुभद्रानं मागं वळून पाहिलं आणि पोरीला छातीशी घट्ट धरलं.

"बाई, पाहा ना."

सत्यवतीनं पाहिलं. सगळं गाव बारवेच्या तोंडाशी गोळा झालं होतं. मध्ये जानरावराजे उभे होते, पायऱ्यांकडं पाठ करून. कुणी बारवेकडं पाहत नव्हतं. सगळी तोंडं त्यांच्याकडं होती. आरडाओरडा नव्हता, कुणाच्या हातात काठी नव्हती. माणसं नुसती हात जोडून, अदबीनं, एकेक पाऊल पुढं सरकत होती.

"काय करून राहिले ते?"

सत्यवतीनं तोंड फिरवलं आणि बैलांना चुचकारलं.

"पाणी भरत असतील," ती म्हणाली. "तू पोरीले पाज."